पाण्याची पकड

सेंटिस पहिल्यांदा पाण्यात उतरवली त्या दिवशी आर्बोनपासून रोर्शाखपर्यंतची माणसं सरोवराच्या काठावर जमली होती. सेंटिस हा खरं तर आमच्या पाठीमागचा डोंगर. कामगारांनी त्याचंच नाव या उडत्या नौकेला ठेवलं, कारण ती शेडमध्ये उभी राहिली की पलीकडची भिंत दिसेनाशी व्हायची. खाली जहाजासारखं धातूच्या पत्र्याचं पोट, त्याच्यावर आडवा पसरलेला प्रचंड पंख, आणि पंखावर पाठीला पाठ लावून बसवलेली आठ इंजिनं. आत साठेक माणसं बसतील, जेवतील, ऐसपैस पाय पसरतील एवढी जागा.

"डोंगर कधी उडतो का हो, बाई?" काठावरच्या एका म्हाताऱ्या कोळ्यानं मला विचारलं.

"नाही उडला तर तुम्हाला देऊ, मासे धरायला," मी म्हणाले.

"नको. एवढे मासे आमच्या सरोवरात नाहीत."

मी रेगुला झेल्वेगर. झुरिकला इंजिनीअर होऊन या कारखान्यात आले, आणि कचेरीत मी एकटीच बाई असल्यामुळे मालकापासून रंगाऱ्यापर्यंत सगळे मला नुसतं 'बाई' म्हणत. नौकेचं पोट माझ्याकडे होतं. बाकी सगळी सेंटिस आल्बिन शेररसाहेबांची. त्यांच्या बापाच्या आप्पेनझेलला पाणचक्क्या होत्या. लहानपणापासून पाण्याशी झटापट केलेला हा माणूस विचार करताना सफरचंद खायचा, बियांसकट, आणि एकदा देठ फेकून दिला की विषय संपला असं समजायचं.

आमचं भांडण झालं ते पायरीवरून, आणि तेही नौका बांधायला घेण्याच्या आधी.

पाणी पकडलेली वस्तू सहजासहजी सोडत नाही. ओल्या फरशीवर काचेचं ताट ठेवून सरळ वर उचलून बघा, म्हणजे कळेल. म्हणून उडत्या नौकेच्या तळाला मध्यावर एक पायरी ठेवतात. नौका वेगात आली की पाणी त्या पायरीच्या कडेवरून सुटतं, मागच्या पोकळीत हवा शिरते आणि नौका मोकळी होते. पायरी उंच असली की पाणी लवकर सोडतं. पण एकदा आकाशात गेलं की तीच उंच पायरी वाऱ्याला आडवी येते आणि वेग खाते.

"वीतभर," मी म्हणाले होते.

"वीतभर? ही काय चर्चची पायरी आहे?" शेररसाहेब नकाशावर ओणवे होऊन म्हणाले. "आपण उडायला बांधतोय की पोहायला?"

"आधी पोहणं सुटू दे, मग उडणं."

"चार बोटं बास झाली. कालव्यात नमुना ओढून पाहिलात ना? कसा अलगद सुटला."

"नमुना लहान होता, साहेब. पाणी लहान झालेलं नव्हतं. लहान नौकेला वाट देणारं पाणी मोठीलाही देईलच असं नाही."

त्यांनी सफरचंदाचा देठ खिडकीबाहेर फेकला. पायरी चार बोटांचीच झाली. मला राग आला होता. पण त्या रागातही मी जो तळ आखला तो माझ्या परीनं उत्तमच आखला. दुसऱ्याच्या मापाचा असला तरी तळ माझा होता.

जूनमध्ये पहिलं उड्डाण झालं. त्या दिवशी वारा होता, सरोवरावर बारीक लाटा होत्या आणि नौका रिकामी होती. देटलेफ हार्मसेन हा आमचा वैमानिक फ्रीसलंडचा, समुद्रकाठचा माणूस. आमच्या सरोवराला तो 'तुमचं डबकं' म्हणायचा. त्यानं सेंटिस लाटांवरून धडधडत नेली आणि उचलली. काठावरची माणसं टोप्या फेकत होती. पूर्वी सेंट गालेनच्या भरतकामाच्या गिरण्यांत यंत्रं चालवणारे आमचे कितीतरी कामगार होते. गिरण्या बुडाल्यावर त्यांनी आमच्याकडे पत्रे जोडायचे रिव्हेट ठोकले होते. ते एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. शेररसाहेबांनी माझ्याकडे बघून चार बोटं तेवढी वर केली. मीही हसले. ती उडाली होती, आणि तळ तर माझाच होता.

पण ऑगस्टमध्ये आम्ही तिच्या पोटात साठ माणसांच्या वजनाची वाळूची पोती भरली. वारा पडलेला. सरोवर आरशासारखं. हार्मसेननं आठही इंजिनं पूर्ण उघडली, आणि सेंटिस निघाली ती पूर्वेकडे निघाली. नाक वर, शेपटीमागं पांढरा फेस, पण पाणी काही तिला सोडीना. ती दिसेनाशी झाली. मग पुष्कळ वेळानं इंजिनं थंड करत, बदकासारखी डोलत परत आली.

हार्मसेन धक्क्यावर उतरला, हातमोजे काढले आणि म्हणाला, "बाई, नौका झकास आहे. आत्ता ऑस्ट्रियाला जाऊन आलो तिच्यातून. पाण्यावरून."

कोणी हसलं नाही.

"पुन्हा करून बघू," शेररसाहेब म्हणाले. पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. वारा असला की ती उठायची. पाणी गुळगुळीत असलं की चिकटून बसायची. लाटांमध्ये तळाखाली थोडी थोडी हवा शिरते, आरशात ती शिरायला फटच नसते. मला ते दिसत होतं, आणि साहेबांनाही दिसत होतं. पण सप्टेंबरात गिऱ्हाईक येणार होतं, आणि तयार नौकेचा तळ फाडायचा म्हणजे अख्खा हिवाळा जाणार होता. आमच्या कारखान्याच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष ब्रुनश्वाइलर यांनी तर गावच्या खानावळीत गिऱ्हाइकासाठी मेजवानीसुद्धा सांगून ठेवली होती.

गिऱ्हाईक म्हणजे लॉडेवाइक टेरहोर्स्ट, एका डच कंपनीचे संचालक. त्यांना समुद्रापलीकडे टपाल आणि प्रवासी न्यायचे होते. जाडजूड, शांत माणूस. पूर्वी जहाजावर होते आणि अजूनही जमिनीवर पाय फाकून उभे राहायचे.

ते आले त्या दिवशी सरोवरावर एक सुरकुती नव्हती. पलीकडचा जर्मन काठ पाण्यात उलटा स्वच्छ दिसत होता. एरवी मी त्या दृश्याचं कौतुक करायचे, त्या दिवशी मला ते बघवेना.

हार्मसेन सकाळीच कुठेतरी गेला होता. परत आला तो शीळ घालत.

"कुठे गेला होतास?" मी विचारलं.

"गेबहार्टला बीअर पाजायला."

गेबहार्ट म्हणजे रोमान्सहॉर्नच्या आगबोटीचा कप्तान.

"सकाळी सकाळी?"

"त्याला तहान लागली होती आणि मला लाटा हव्या होत्या."

सेंटिसची इंजिनं सुरू झाली तेव्हा आगबोट आपली नेहमीची वाट सोडून आमच्या समोर आली आणि तिनं एक मोठं वर्तुळ घेतलं. मग दुसरं. डेकवरचे प्रवासी कठड्याशी येऊन बघत होते. एक बाई कप्तानाला हात करून काहीतरी विचारत होती, बहुधा आपण चाललोय कुठे म्हणून. आगबोटीच्या चाकांनी सरोवर ढवळून निघालं. हार्मसेननं त्याच लाटांत सेंटिस घातली. ती ठेचकाळली, उसळली, आणि पोटातल्या सगळ्या वाळूसकट उठली.

ब्रुनश्वाइलर यांनी रुमालानं कपाळ पुसलं. टेरहोर्स्ट दुर्बीण डोळ्याला लावून बघत होते. सेंटिसकडे नाही, आगबोटीकडे.

खानावळीकडे जाताना मी शेररसाहेबांना गाठलं.

"साहेब, आज आगबोटीनं उठवली तिला."

"मला डोळे आहेत, बाई."

"हे लोक तिला कुठल्या कुठल्या बंदरांत नेतील. तिथे सकाळी पाणी असं पडलेलं असेल. आत माणसं असतील, समोर धक्का किंवा खडक असेल. तिथे गेबहार्ट कुठून आणायचा?"

"आज नको," ते म्हणाले. "आज हा विषय नको." आणि झपाझप पुढे गेले.

जेवणात सरोवरातलेच मासे होते, लोण्यात तळलेले, बरोबर उकडलेले बटाटे आणि सफरचंदाची आंबट दारू. करार ब्रुनश्वाइलर यांच्या कोटाच्या खिशात होता. ते सारखे तिथे हात लावत होते. गप्पा हवेच्या झाल्या, चीजच्या झाल्या. मग टेरहोर्स्ट यांनी काटा खाली ठेवला आणि हार्मसेनला विचारलं, "वैमानिकसाहेब, ही नौका कुठल्याही पाण्यावरून उठेल?"

हार्मसेननं घास चावून गिळला. "मी फक्त चालवतो. ज्यांनी बांधली त्यांना विचारा."

सगळ्यांच्या नजरा शेररसाहेबांकडे गेल्या. ते माशाचा काटा काढत होते. तो त्यांनी पूर्ण काढला, ताटाच्या कडेला नीट ठेवला.

"नाही," ते म्हणाले.

"आल्बिन," ब्रुनश्वाइलर हळूच म्हणाले.

"नाही उठणार. आज ती आगबोट फिरली म्हणून उठली. नाहीतर हार्मसेन अजून ऑस्ट्रियातल्या ब्रेगेन्झच्या वाटेवर असता. तळाची पायरी ठेंगणी आहे. या बाईंनी मला ते आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मला वेग हवा होता." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मला हिवाळा द्या. वसंतात मी तिला तुम्ही म्हणाल त्या पाण्यावरून उठवून दाखवतो."

टेरहोर्स्ट त्यांच्याकडे वळले. "मी विमान विकत घ्यायला आलो होतो, कबुलीजबाब ऐकायला नाही."

"दोन्ही एकाच खेपेत झालं. तुमचा एक प्रवास वाचला."

टेरहोर्स्ट यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "त्या आगबोटीला मघाशी माझ्यासमोर दोन फेऱ्या मारताना बघितलं, तेव्हाच ठरवलं होतं, आज सही करायची नाही. तुम्ही हो म्हणाला असतात तर पुन्हा कधीच केली नसती." त्यांनी काटा उचलला. "वसंतात येतो. मासा छान आहे."

त्या संध्याकाळी ब्रुनश्वाइलर कचेरीत येऊन खूप ओरडले. साहेबांनी ऐकून घेतलं. ते गेल्यावर साहेब माझ्या टेबलाशी आले, खिशातून सफरचंद काढलं, अर्धं कापून मला दिलं.

"वीतभर म्हणाला होतात ना?"

"वीतभर."

"मग वीतभर."

ऑक्टोबरात सेंटिस उतारावरून ओढून शेडमध्ये घेतली आणि तिचा तळ फाडायला सुरुवात झाली. ज्यांनी एकेक रिव्हेट हातानं ठोकला होता तेच आता ते रिव्हेट उडवत होते, आणि त्यांची तोंडं बघवत नव्हती.

"बाई, भरतकाम उसवल्यासारखं वाटतंय," आमचा मुकादम ख्रिस्टियान म्हणाला.

"उसवताय खरं. पण पुन्हा भरायचं आहे की नाही?"

"भरू की. पण या खेपेला टाका शेवटचा ना?"

"शेवटचा," मी म्हणाले. मला खात्री होती.

मात्र सगळी नव्हती. नवी पायरी वेगाचा घास घेणार, हे साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी हिशेब करून पाहिला तेव्हा टेरहोर्स्टना हवा होता त्याहून वेग कमी पडत होता. फार नाही, पण पडत होता. वीतभर पायरीनं पाणी सोडलं असतं आणि करार पकडला नसता.

मी ते साहेबांना सांगितलं तेव्हा ते सेंटिसखाली उताणे पडून दिव्याच्या उजेडात उघडा पडलेला सांगाडा बघत होते. मीही कोट पसरून शेजारी पडले. वर आमच्या डोक्यावर पायरीची जागा, नुसत्या फासळ्या.

"पाण्याला पायरी उंच का लागते?" ते म्हणाले. जणू मी शाळेतली पोर.

"मागे हवा शिरायला जागा हवी म्हणून."

"जागा हवी, की हवा हवी?"

त्यांनी हात वर करून दोन फासळ्यांमधल्या पोकळीत घातला.

"आमच्या पाणचक्कीत एक भानगड व्हायची. पन्हळीतून पाणी जोरात आलं की चाकाची पाती पाण्याला चिकटायची, चाक रडत फिरायचं. बापानं पात्यांच्या मुळाशी भोकं पाडली. वरून हवा आत जायला लागली, चाक मोकळं. हवेनं मागून यायची वाट कशाला बघायची, बाई? आपणच वरून पाठवू. पाठीवरून नळ्या खाली आणू, पायरीच्या मागे सोडू."

मी उठून बसले, आणि डोकं फासळीवर आपटलं.

"मग वीतभर नको," मी डोकं चोळत म्हणाले. "अर्धी वीत पुरेल."

"अर्धी वीत आणि नळ्या."

"आणि हे मला आधी का नाही सुचलं?"

"तुमच्या बापाची पाणचक्की नव्हती."

नळ्या किती जाड, कुठे वाकवायच्या, पाणी उलटं वर येऊ नये म्हणून त्यांची तोंडं कुठे ठेवायची, यात डिसेंबर गेला. आम्ही रोज भांडलो. एकदा ते माझं ऐकायचे, एकदा मी त्यांचं. ख्रिस्टियान म्हणायचा, तुमचं दोघांचं लग्न झालेलं नाही तेच बरं, शेजारपाजाऱ्यांची झोप तरी वाचली. साहेबांची बायको फ्रेनी रोज दुपारी सूप घेऊन यायची, आणि आम्ही बोलायचं थांबत नाही हे बघून किटली मधोमध ठेवून निघून जायची.

मार्च संपता संपता सेंटिस पुन्हा पाण्यावर गेली. आम्ही कोणालाही न सांगता एका शांत सकाळी तिला वाळूसकट उठवून पाहिलं. मग साहेबांनी टेरहोर्स्टना बोलावणं धाडलं.

ते आले, आणि त्याच दिवशी पश्चिमेचा वारा सुटला. सरोवरावर उड्डाणासाठी हव्या तशा लाटा उठल्या. ब्रुनश्वाइलर हात चोळत धक्क्यावर आले.

"नशीब उघडलं, आल्बिन. चल, उडव."

"आज नाही," साहेब म्हणाले.

"वारा आहे म्हणतोय मी."

"म्हणूनच नाही."

टेरहोर्स्ट यांनी टोपी डोक्यावर दाबून धरली होती. "कशाची वाट बघताय, शेरर?"

"पाणी झोपण्याची."

पाणी काही लवकर झोपलं नाही. टेरहोर्स्ट खानावळीत ब्रुनश्वाइलर यांच्याबरोबर पत्ते खेळत बसले आणि, हार्मसेन म्हणाला तसं, नौका विकली जाण्याआधीच अध्यक्षसाहेबांची थैली हलकी झाली. रोज सकाळी साहेब धक्क्यावर येऊन बघायचे, मान हलवायचे आणि परत जायचे. मी पुरती निर्धास्त होते असं नाही. पण घाई करावी असं एकदाही वाटलं नाही.

मग एका सकाळी पलीकडचा जर्मन काठ पुन्हा पाण्यात उलटा दिसला, एकाही सुरकुतीशिवाय.

वाळूची पोती आणायला ख्रिस्टियान निघाला होता. साहेबांनी त्याला थांबवलं.

"वाळू नको. माणसं बोलाव."

"कोणती माणसं?"

"आपली. ज्यांना यायचंय ती."

टेरहोर्स्ट म्हणाले, "वाळू पुरे आहे मला. मी समजतो वजन."

"वजनाचं नाही. वाळूच्या पोत्यांची कोणी वाट बघत नाही घरी. मी माझी बायको बसवली की तुम्हाला कळेल, मी काय म्हणतोय ते."

फ्रेनी रविवारची टोपी घालून आली. "मला विचारलंस का?" ती नवऱ्याला म्हणाली.

"येतेस का?"

"आले की. आधी विचारायचं असतं."

रिव्हेट ठोकणारे आले, त्यांच्या बायका आल्या, बेकरीवाला पिठाच्या हातांनी आला, काठावरचा तो म्हातारा कोळी आला. गावच्या बँडातला मोठ्या पिपाणीवाला पिपाणीसकट आला. ती वजनात धरायची की नाही यावर थोडा वाद झाला. गेबहार्ट कप्तान सुट्टीवर होता. तो म्हणाला, एकदा या नौकेसाठी दोन फेऱ्या मारल्या, आता फुकट बसणारच. शेवटी टेरहोर्स्ट यांनी छडी मला धरायला दिली आणि तेही चढले.

मी आत, पायरीच्या बरोबर वर, जमिनीवर बसले. तिथून दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. हार्मसेननं इंजिनं उघडली. आधी तळाखाली जड, ओला आवाज, घट्ट कणीक तुडवल्यासारखा. वेग वाढला तसा तो आवाज लांबट झाला, पण सुटेना. समोरच्या बाकावर फ्रेनीनं नवऱ्याची बाही धरली होती. मी तळाच्या पत्र्यावर दोन्ही हात टेकवले.

मग नळ्यांनी श्वास घेतला. लांब, खोल, शीळ घातल्यासारखा आवाज. त्यापाठोपाठ तळाखाली ताशा वाजल्यासारखं तडतडलं, आणि पाणी नुसतं कडेला लागून जाऊ लागलं. एक टप्पा. अजून एक, हलका. आणि मग खाली काहीच नव्हतं. माझ्या तळहाताखालचा पत्रा शांत झाला होता.

"सुटली," मी म्हणाले. इंजिनांच्या आवाजात ते कोणालाच ऐकू गेलं नाही, तरी साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

टेरहोर्स्ट खिडकीशी उभे होते, पाय फाकून. खाली सरोवरावर आमच्या मागे एक सरळ पांढरी रेघ होती आणि ती मध्येच संपली होती. बेकरीवाल्याला आपल्या दुकानाचं छप्पर दिसलं आणि ते किती गळकं आहे हेही दिसलं. पिपाणीवाल्यानं वाजवायला घेतलं, पण त्याच्या बायकोनं त्याला गप्प बसवलं.

करार त्या दुपारी झाला. वेग टेरहोर्स्टना हवा होता तेवढा भरला, वर थोडा उरला. सही करताना त्यांनी एक अट घातली, की पुढच्या दोन नौकांचे तळ याच बाईंनी आखायचे, आणि नळ्यांची माहिती त्यांच्या बंदरातल्या लोकांना मी स्वतः जाऊन द्यायची. ब्रुनश्वाइलर म्हणाले, "बाईंना पाठवू हो." साहेब म्हणाले, "बाईंना विचारा." मी हो म्हणाले.

जुलैत आम्ही सेंटिस घेऊन निघालो. राइनच्या धबधब्यावरून गेलो, बाझेलवरून, मग खाली खाली, जिथे नदी रुंद आणि मळकट होते तिथवर. साहेब आले नाहीत. त्यांनी दुसऱ्या नौकेचं काम सुरू केलं होतं. वाटेत खायला म्हणून त्यांनी माझ्याबरोबर एक पिशवी दिली होती, सफरचंदांची.

संध्याकाळी डच किनाऱ्यावर पोचलो तेव्हा बाहेर खरा समुद्र होता, राखाडी आणि खवळलेला. मी हार्मसेनच्या खुर्चीमागे उभी होते. समुद्र बघितल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"हे बघा पाणी, बाई. आत्तापर्यंत डबकं होतं."

"बंदरात उतरणार ना? आत शांत असेल."

"आत कधीही उतरता येईल." त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. "बाहेर उतरू?"

मी खाली लाटांकडे बघितलं, मग पिशवीतून एक सफरचंद काढून चावलं.

"उतर," मी म्हणाले.

पहिल्या लाटेनं दात वाजले. दुसरी बसली ती तळावर पूर्ण रुंदीनं, आणि सगळी नौका घण मारल्यासारखी वाजली. तिसरीनंतर ती पाण्यात बसली आणि डुलायला लागली, जहाजासारखी. मी दिवा घेऊन पोटात उतरले. पायरीपासून शेपटीपर्यंत एकेक सांधा हातानं चाचपत गेले. सगळे कोरडे होते. वर येऊन मी हार्मसेनला तसं सांगितलं, आणि त्यानं नाक बंदराकडे वळवलं.